फीबी : शनीचा उलट दिशेने फिरणारा चंद्र, आणि तो आला कोठून?

कक्षाभ्रमण :

शनीपासून सरासरी सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटर अंतरावर फीबी नावाचा एक काळपट उपग्रह आहे. त्याचा व्यास जेमतेम २१३ किलोमीटर असून शनीभोवतीची एक फेरी पूर्ण करायला त्याला सुमारे ५५० दिवस लागतात. टायटन शनीपासून सुमारे १२ लाख किलोमीटरवर आणि आयपेटस सुमारे ३५ लाख ६० हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत दूरच्या चंद्राच्याही साडेतीन पट अंतरावर फीबीची कक्षा येते. शनी स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो, तिच्या उलट दिशेने फीबी शनीभोवती फिरतो.

लोकप्रिय विज्ञानलेखनात ‘फीबी हा कायपर पट्ट्यातून आलेला आणि शनीने पकडलेला पिंड आहे’ असे वाक्य सर्रास आढळते (कायपर पट्टा म्हणजे नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ पिंडांचा पट्टा; प्लूटो त्यातच आहे). माझ्या मते त्यात दोन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. फीबी शनीने पकडला, हे एक. तो कायपर पट्ट्यातला आहे, हे दुसरे. या दोहोंमागचे पुरावे सारख्या ताकदीचे नाहीत आणि ते वेगळे करून पाहावेत, एवढ्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी थोडा इतिहास. पेरू देशातील आरेकिपा येथे हार्वर्ड वेधशाळेचे एक केंद्र होते. तेथील ब्रूस दुर्बिणीने ऑगस्ट १८९८ मध्ये डिलाइल स्ट्यूअर्ट यांनी काही छायाचित्रण काचा घेतल्या होत्या. त्या काचा तपासताना विल्यम हेन्री पिकरिंग यांना एक क्षीण ठिपका तारकांच्या पार्श्वभूमीवर सरकताना दिसला आणि मार्च १८९९ मध्ये शनीच्या नवव्या उपग्रहाची घोषणा झाली. छायाचित्रावरून शोधला गेलेला हा पहिलाच उपग्रह होय. त्याची कक्षा उलटी आहे हे मात्र पुढच्या काही वर्षांत, नव्या वेधांची भर पडल्यावरच, स्पष्ट झाले. (पिकरिंग यांनी १९०५ मध्ये थेमिस नावाचा दहावा उपग्रहही जाहीर केला होता. तो त्यानंतर कोणालाही दिसलेला नाही. फीबीच्या शोधाचे मोल त्याने कमी होत नाही, पण काचेवरच्या ठिपक्यांवर किती विसंबावे याचा अंदाज येतो.)

आता पहिल्या विधानाकडे येऊ. ग्रहाच्या जन्माच्या वेळी त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची जी तबकडी असते, तिच्यातून तयार होणारे उपग्रह ग्रहाच्या परिवलनाच्याच दिशेने, विषुववृत्ताच्या पातळीजवळून आणि बऱ्याचशा वर्तुळाकार कक्षेत फिरतात. फीबीला यातले काहीही लागू पडत नाही. त्याची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेच्या पातळीशी, सुमारे १७५ अंशांचा कोन करते (९० अंशांहून अधिक कोन म्हणजे उलटी दिशा) आणि तिची उत्केंद्रता, म्हणजे लंबगोलपणा, सुमारे ०.१६ आहे (वर्तुळाची शून्य असते). इतक्या दूर सूर्याच्या ओढीचा प्रभाव शनीच्या विषुववृत्तीय फुगवट्याच्या प्रभावाहून कितीतरी अधिक असतो, त्यामुळे कक्षेची पातळी शनीच्या विषुववृत्ताला न जुमानता शनीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेच्या पातळीभोवती डोलते. अशा उपग्रहांना अनियमित म्हणतात आणि गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून या चारही महाग्रहांभोवती ते आढळतात. एकाच तबकडीतून काही उपग्रह सुलटे आणि काही उलटे जन्माला आले, असे मानणे अवघड आहे. म्हणून फीबी बाहेरून आला याबद्दल मला शंका वाटत नाही.

दुसऱ्या विधानाचे तसे नाही. कॅसिनी यान ११ जून २००४ रोजी, शनीच्या कक्षेत शिरण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, फीबीपासून २,०६८ किलोमीटर अंतरावरून गेले. एकदा शनीच्या कक्षेत शिरल्यावर यान पुन्हा इतक्या दूर येणार नव्हते, म्हणून आगमनाची वेळ ठरवताना ही भेट हिशेबात धरलेली होती. तोवर फीबीची सर्वांत चांगली छायाचित्रे व्हॉयेजर २ ने १९८१ मध्ये सुमारे २२ लाख किलोमीटरवरून घेतलेली होती आणि त्यांत काही अंधूक डागांपलीकडे फारसे काही दिसत नव्हते. कॅसिनीने जे जग दाखवले ते विवरांनी पूर्णपणे पोखरलेले होते. जेसन हे सर्वांत मोठे विवर सुमारे १०० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे फीबीच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मे. विवरांच्या उतारांवरून काळा थर घसरलेल्या जागी उजळ बर्फ उघडे पडले आहे. वर्णपटात पाण्याचे बर्फ, कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय पदार्थांच्या खुणा सापडल्या. यानाच्या मार्गात पडलेल्या किंचित फरकावरून फीबीचे वस्तुमान मिळाले आणि घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.६४ ग्रॅम निघाली.

टायटन वगळता शनीच्या नियमित बर्फाळ चंद्रांची घनता सरासरीने याहून बरीच कमी आहे. टॉरन्स जॉन्सन आणि जोनाथन लुनाइन यांनी २००५ मध्ये या फरकावरून असा युक्तिवाद केला की फीबीतील खडक आणि बर्फ यांचे प्रमाण शनीभोवतीच्या द्रव्याशी जुळत नाही, ते प्लूटो आणि नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन यांच्या वळणाचे आहे. ‘कायपर पट्टा’ हे शब्द लोकप्रिय लेखनात शिरले ते प्रामुख्याने येथून. युक्तिवाद चांगला आहे, पण तो अंतिम आहे असे मला वाटत नाही. जाणकारांनी आपले मत जरूर मांडावे.

तर्कट :

लेख आवडला, पण पहिल्या विधानावरही आपण जरा घाईने शिक्कामोर्तब केले आहे. बाहेरून येणारा पिंड शनीजवळ येतो तेव्हा त्याचा वेग वाढतो आणि दूर जाताना तेवढाच कमी होतो. ऊर्जेचा जमाखर्च पाहिला तर तो जसा आला तसाच निघून गेला पाहिजे. मग तो अडकला कसा? जोवर याचे उत्तर मिळत नाही तोवर ‘पकडला’ हा शब्द स्पष्टीकरण ठरत नाही, ते केवळ निरीक्षणाला दिलेले नाव आहे.

कक्षाभ्रमण :

आक्षेप रास्त आहे आणि या विषयातला खरा पेच तोच आहे. तात्पुरती पकड होऊ शकते आणि ती प्रत्यक्ष पाहिलीही गेली आहे. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू सूर्याभोवती फिरण्याऐवजी काही दशके गुरूभोवती फिरत होता आणि शेवटी जुलै १९९४ मध्ये त्याचे तुकडे गुरूवर आदळले. मात्र अशी पकड सैल असते. ती कायमची व्हायची तर पिंडाची थोडी ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते.

त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग सुचवले गेले आहेत. पहिला म्हणजे बाल शनीभोवतीच्या विरळ वायूच्या आवरणातून जाताना होणारे घर्षण. जेम्स पोलॅक, जोसेफ बर्न्स आणि मायकेल टॉबर यांनी १९७९ मध्ये हा विचार तपशिलाने मांडला. त्यात अडचण अशी की वायू वेळेवर नाहीसा झाला नाही तर पकडलेला पिंड घिरट्या घालत थेट ग्रहावर जाऊन पडतो. दुसरा मार्ग ग्रहाचे वस्तुमान झपाट्याने वाढण्याचा; पिंड तात्पुरता अडकलेला असतानाच ग्रहाची ओढ वाढली तर बाहेर पडायची वाट बंद होते. तिसरा मार्ग तीन पिंडांच्या देवाणघेवाणीचा. डेव्हिड नेस्वोर्नी, डेव्हिड व्होक्रूहलित्स्की आणि अलेसांद्रो मॉर्बिडेली यांनी २००७ मध्ये दाखवले की महाग्रहांच्या कक्षा अस्थिर होऊन ते एकमेकांजवळून गेले असतील, तर त्या भेटींच्या वेळी आसपासच्या पिंडांपैकी काही जण दूरच्या कक्षांत कायमचे अडकू शकतात. जादा ऊर्जा तेव्हा जवळून जाणाऱ्या दुसऱ्या ग्रहाकडे जाते.

मला तिसरा मार्ग अधिक पटतो. चारही महाग्रहांची जडणघडण इतकी निराळी असूनही त्यांच्या अनियमित उपग्रहांचे थवे एकमेकांसारखे का, याचे उत्तर वायूवर अवलंबून असलेल्या कल्पनांना देता येत नाही. युरेनस आणि नेपच्यूनभोवती गुरूइतका वायू कधीच नव्हता. तिसऱ्या मार्गाच्या २००७ च्या प्रारूपातही गुरूच्या बाबतीत हिशेब नीट जमत नव्हता, कारण मूळ मांडणीत गुरूला अशा भेटी फारशा घडतच नसत. पुढच्या सुधारित प्रारूपांत ती उणीव बरीच भरून निघाली.

रोहिणीशकट :

एक शंका आहे. अनियमित उपग्रहांत उलट्या कक्षांची संख्या सुलट्यांपेक्षा जास्त असते असे वाचले आहे. पकड होताना दिशेबाबत पक्षपात होतो काय?

कक्षाभ्रमण :

पक्षपात मुख्यतः टिकण्यात आहे. सूर्याच्या ओढीपुढे शनीची सत्ता जेथवर चालते तो प्रदेश, म्हणजे हिल गोलक, सुमारे ६.५ कोटी किलोमीटर त्रिज्येचा आहे. त्यात सुलट्या कक्षा साधारण निम्म्या अंतरापर्यंत टिकतात, उलट्या त्याहून बऱ्याच पुढेपर्यंत. फीबी या त्रिज्येच्या पाचव्या हिश्शावर असल्याने तो चांगलाच सुरक्षित आहे. क्रांतिवृत्ताशी जवळपास काटकोन करणाऱ्या दूरच्या कक्षा मात्र मुळीच टिकत नाहीत. लिडोव्ह आणि कोझाई यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जी यंत्रणा दाखवली तिच्यानुसार अशा कक्षेचा कल कमी होत जातो आणि उत्केंद्रता वाढत जाते. परिणामी उपग्रह एक तर आतल्या मोठ्या चंद्रांच्या वाटेत शिरतो, नाही तर ग्रहाच्या ताब्यातून निसटतो. अनियमित उपग्रहांच्या कलांच्या आलेखात मधला पट्टा रिकामा दिसतो तो यामुळेच.

नीलकांचन :

घनतेच्या युक्तिवादाबद्दल थोडे लिहितो. १.६४ हा आकडा संपूर्ण पिंडाचा आहे आणि त्यात पोकळ्या किती आहेत ते आपण गृहीत धरतो. फीबीएवढ्या पिंडाच्या अंतर्भागातला दाब सगळ्या पोकळ्या मिटवण्याइतका नसतो, त्यामुळे खडकाचे प्रमाण काढताना सच्छिद्रतेचा अंदाज बदलला की निष्कर्षही सरकतो. शिवाय नियमित चंद्रांची सरासरी घनता म्हणजे शनीच्या परिसरातल्या मूळ द्रव्याची घनता, हेही गृहीतकच आहे. त्या चंद्रांपैकी टेथिसची घनता पाण्याहूनही किंचित कमी भरते आणि एन्सेलाडसची सुमारे १.६१, म्हणजे जवळपास फीबीएवढीच. एवढी तफावत असलेल्या कुटुंबाची सरासरी काढून तिच्याशी एका पाहुण्याची तुलना करणे मला धाडसाचे वाटते.

याउलट कार्बन डायऑक्साइडचा पुरावा आणि समस्थानिकांचा पुरावा मला अधिक वजनदार वाटतात. रॉजर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कॅसिनीच्या वर्णपटांवरून काढलेल्या निष्कर्षानुसार शनीची कडी आणि आतले चंद्र यांच्या बर्फातील ड्यूटेरियमचे (हायड्रोजनच्या जड समस्थानिकाचे) प्रमाण पृथ्वीवरच्या पाण्याच्या बरेच जवळ आहे, तर फीबीच्या बर्फात ते कितीतरी जास्त आहे. एकाच तबकडीतून दोघे निघाले असते तर असे व्हायला नको होते. मात्र यातूनही ‘शनीच्या जवळचा नव्हे, अधिक थंड प्रदेशातला’ एवढेच सिद्ध होते, नेमका पत्ता मिळत नाही. त्याच वर्षी ज्युली कॅस्टिलो-रोझे आणि सहकाऱ्यांनी फीबीची तुलना काळ्या, कार्बनयुक्त लघुग्रहांशी केली आणि तो कायपर पट्ट्यापेक्षा महाग्रहांच्या मधल्या प्रदेशातला असावा असे सुचवले. म्हणजे ‘बाहेरचा’ यावर एकमत आहे. ‘किती बाहेरचा’ यावर नाही.

फीबीचा आकार बऱ्यापैकी गोल आहे याचाही कोणी उल्लेख केला नाही. एवढ्या आकाराचे पिंड सहसा ओबडधोबड असतात. अगदी सुरुवातीच्या काळात ॲल्युमिनियम २६ सारख्या किरणोत्सारी समस्थानिकांच्या उष्णतेने तो मऊ झाला असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. ते बरोबर असेल तर फीबी सूर्यमाला जन्मल्यावर फार लवकर, त्या समस्थानिकांचा ऱ्हास होण्याआधी, तयार झाला असला पाहिजे.

कक्षाभ्रमण :

एन्सेलाडसचा मुद्दा चांगला काढलात. जॉन्सन आणि लुनाइन यांनी सरासरी काढताना वस्तुमानाला महत्त्व दिले होते, त्यामुळे ऱ्हिया आणि आयपेटस यांसारख्या जड चंद्रांचे पारडे त्यांत भारी ठरते. तरीही सच्छिद्रतेबाबतचा तुमचा आक्षेप उरतोच.

रोहिणीशकट :

आयपेटसचे नाव निघालेच आहे तर त्याच्या काळ्या अर्ध्या भागाचे काय? फीबीची धूळ त्यावर पडते, हे अजूनही मान्य आहे का?

नीलकांचन :

मान्य आहे, पण ती कथा आता दोन टप्प्यांची झाली आहे. जिओव्हानी कॅसिनी यांनी १६७१ मध्ये आयपेटस शोधला तेव्हाच त्यांच्या लक्षात आले होते की तो शनीच्या पश्चिमेला दिसतो आणि पूर्वेला जवळजवळ दिसेनासा होतो. याचा अर्थ त्याची एक बाजू काळी आणि एक उजळ आहे आणि तो शनीला नेहमी एकच बाजू दाखवतो. १९७४ मध्ये स्टीव्हन सॉटर यांनी सुचवले की फीबीवर उल्का आदळून उडालेली धूळ सूर्यप्रकाशाच्या परिणामाने हळूहळू आत सरकते आणि आयपेटसच्या पुढच्या बाजूवर बसते. फीबीची धूळ उलट्या दिशेने फिरते आणि आयपेटस सुलट्या, त्यामुळे ती त्याला सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने समोरून भिडते. पावसात धावणाऱ्या गाडीची पुढची काच मागच्या काचेपेक्षा जास्त भिजते तसाच हा प्रकार.

धुळीचा प्रत्यक्ष पुरावा २००९ मध्ये मिळाला. ॲन व्हर्बिसर, मायकेल स्क्रुट्स्की आणि डग्लस हॅमिल्टन यांना स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीतून शनीभोवती एक प्रचंड, अतिशय विरळ कडे दिसले. ते शनीच्या नेहमीच्या कड्यांच्या पातळीत नाही. त्यांच्याशी सुमारे २७ अंशांचा कोन करून फीबीच्या कक्षेच्या आजूबाजूला पसरलेले आहे. डोळ्यांना दिसले असते तर आकाशात त्याची रुंदी पूर्णचंद्राच्या दुप्पट भरली असती. पुढे वाइज या अवकाश दुर्बिणीच्या वेधांवरून, २०१५ मध्ये, ते सुमारे ६० लाख ते १ कोटी ६० लाख किलोमीटरपर्यंत पसरलेले असल्याचे आढळले.

तर्कट :

पण आयपेटसचा काळा भाग तांबूस आहे आणि फीबी करडा. धूळ फीबीचीच असेल तर रंग का जुळत नाही? आणि काळ्या-पांढऱ्याची सीमा इतकी धारदार कशी? पडणाऱ्या धुळीने कडेला हळूहळू फिकी होत जाणारी छटा दिसायला हवी होती.

नीलकांचन :

रंगाबाबत सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की धूळ एकट्या फीबीची नसावी. इतर अनियमित उपग्रहांचे रंग वेगवेगळे आहेत आणि तेही आपापला वाटा उचलत असणार. मला हे उत्तर शक्य वाटते, पूर्णपणे समाधानकारक वाटत नाही.

सीमारेषेचे स्पष्टीकरण मात्र पक्के आहे. जॉन स्पेन्सर आणि टिल्मन डेंक यांनी २०१० मध्ये ते मांडले. धुळीने पुढची बाजू थोडीशी काळवंडली की ती जास्त तापते. आयपेटसचा एक दिवस पृथ्वीवरच्या ७९ दिवसांएवढा असल्याने तापायला भरपूर अवधी मिळतो. तापलेल्या भागातले बर्फ वाफ होऊन उडते आणि थंड, उजळ भागावर व ध्रुवांकडे जाऊन गोठते. काळा भाग त्यामुळे आणखी काळा आणि पांढरा आणखी पांढरा होत जातो, आणि मधली छटा उरत नाही. फीबीच्या धुळीने फक्त सुरुवात करून दिली. बाकीचे काम आयपेटसच्या स्वतःच्या बर्फाने केले. काळा थर मीटरभराहूनही पातळ असल्याचे रडारच्या वेधांवरून दिसते.

जिज्ञासू :

शनीच्या उपग्रहांची संख्या २०२५ मध्ये २७४ झाली म्हणतात. त्यांतले बहुतेक एक-दोन मैलांचे दगड असतील तर त्यांना चंद्र म्हणायचे कशासाठी?

कक्षाभ्रमण :

मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि संख्या २७४ वर गेली. एडवर्ड ॲश्टन आणि सहकाऱ्यांनी हवाई बेटावरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीतून घेतलेल्या अनेक प्रतिमा उपग्रहाच्या अपेक्षित गतीनुसार सरकवून एकावर एक रचल्या, तेव्हा एरवी न दिसणारे क्षीण ठिपके उठून दिसले. उपग्रह म्हणण्यासाठी किमान आकार किती असावा याचा नियम नाही, म्हणून ग्रहाभोवतीची कक्षा निश्चित झाली की तो उपग्रह.

नावाच्या मानापेक्षा त्यांचा उपयोग मोठा आहे. त्यांतल्या लहान पिंडांची संख्या मोठ्यांच्या मानाने इतकी जास्त आहे की अलीकडच्या, म्हणजे सुमारे गेल्या दहा कोटी वर्षांतल्या, एखाद्या टकरीचे ते तुकडे असावेत असे शोधकर्त्यांचे मत आहे. फीबीच्या विवरांकडे या नजरेने पाहिले पाहिजे. सुलट्या आणि उलट्या कक्षा एकमेकींना छेदतात, तेथे टकरी सेकंदाला काही किलोमीटर वेगाने होतात, आणि सर्वांत मोठा असल्याने फीबी त्या सगळ्यांत मोठे लक्ष्य आहे. आज दिसतो तो थवा मूळ थव्याचा उरलेला चुरा आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पिधानप्रेमी :

हौशी निरीक्षकांसाठी थोडी माहिती. फीबीची दृश्यप्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका पिंड मंद) सुमारे १६.५ असल्याने डोळ्यांनी तो दिसण्याची आशा नको, पण मध्यम आकाराची दुर्बीण, चांगला कॅमेरा आणि दोन-तीन रात्रींची छायाचित्रे असतील तर त्याची हालचाल टिपता येते. तो शनीपासून अर्ध्या अंशाहूनही अधिक दूर जातो, त्यामुळे शनीचा झगमगाट आतल्या चंद्रांच्या बाबतीत जेवढा आड येतो तेवढा येथे येत नाही. फीबी कोणत्या ताऱ्यांमध्ये असेल ते आधी काढून ठेवावे, कारण त्या प्रतीचे तारे चित्रात शेकड्यांनी असतात.

यापेक्षा मोलाचे काम पिधानाचे आहे. ६ जुलै २०१७ रोजी फीबीने एका ताऱ्याला झाकले आणि जपानमधून ते पिधान टिपले गेले. फीबीमुळे झालेले, प्रत्यक्ष नोंदले गेलेले ते पहिले पिधान. तारा नेमक्या कोणत्या क्षणी विझला आणि कोणत्या क्षणी परत उजळला यावरून फीबीच्या त्या वेळच्या कडेवरच्या दोन बिंदूंमधले अंतर आणि त्याचे आकाशातले स्थान फार अचूक मिळते. ती कड कॅसिनीच्या प्रतिमांवरून केलेल्या आकाराच्या नकाशाशी जुळवल्यावर त्याच्या सुमारे ९ तास १६ मिनिटांच्या परिवलनकाळाचा आकडाही अधिक काटेकोर झाला. गाया यानाच्या तारकासूचीमुळे अशा पिधानांची भाकिते आता बरीच विश्वासार्ह झाली आहेत. सावलीचा पट्टा फीबीच्या व्यासाएवढाच, सुमारे दोनशे किलोमीटर रुंद असतो, म्हणून निरीक्षकांनी त्याला आडवे, एकमेकांपासून काही अंतर राखून बसणे आणि घड्याळे जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी जुळवून घेणे या दोन गोष्टी सांभाळाव्यात. पट्ट्याच्या बाहेर बसलेल्याला तारा विझलेला दिसला नाही तर तीही नोंद पाठवावी, कारण कड कोठे संपते ते तिच्यावरूनच ठरते.